जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस नाशिक परिसर : पाऊस गाठेल असे धरून काय पाहावे, काय चढावे?

गोदाकाठची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी शाळेपासूनची मैत्रीण ८ ते १३ जून या काळात नागपूरहून माझ्याकडे राहायला येत आहे. ती शिक्षिका आहे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे तिची उन्हाळ्याची सुट्टी तेव्हा चालूच असते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सोसून येणाऱ्या माणसाची असावी तशी तिची मागणी एकच आहे, ‘मला ढगात ने.’ आम्ही दोघी बावन्न वर्षांच्या आहोत, रोज चार-पाच किलोमीटर चालतो. उतारावर तिचा उजवा गुडघा मात्र कुरकुरतो. गाडी घरची आहे आणि मीच चालवते.

सांगायला संकोच वाटतो, पण जन्माने नाशिककर असूनही शाळेच्या सहलीनंतर मी ब्रह्मगिरीवर गेलेले नाही, आणि हरिहर व अंजनेरी मला इतरांच्या छायाचित्रांतूनच ठाऊक आहेत. पिकते तिथे विकत नाही, ते असे. मी ठरवलेला क्रम असा : ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, कळसूबाई आणि शेवटच्या दिवशी दुगारवाडीचा धबधबा. हा आराखडा वाचून माझ्या भाच्याने विचारले, ‘मावशी, आणि पाऊस आला तर?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पावसामुळे पाचपैकी तीन दिवस घरात भजी तळण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

डोंगरवाट

ताई, आपला आराखडा जुलैअखेरचा आहे आणि तारखा जूनच्या आहेत. खरी अडचण तिथे आहे. आपण पाहिलेली हिरवीगार छायाचित्रे बहुधा श्रावणातली असणार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॉन्सून नाशिकच्या उंबरठ्यावर असतो, कधी दोन दिवस आधी येतो, कधी आठवडाभर ताटकळत ठेवतो. डोंगर अजून तपकिरी असतात, गवताचे कोंब नुकते दिसू लागलेले असतात, आणि दुगारवाडीला त्या वेळी धबधबा कमी आणि ओला कातळ जास्त पाहायला मिळतो. तो दिवस मी सरळ वगळीन. पुढे कधी ऑगस्टमध्ये जाल तेव्हाही एवढे ध्यानात ठेवा, की आपण उभे असतो तिथे पाऊस नसला तरी वरच्या पठारावर पडलेले पाणी कातळावरून पाहता पाहता खाली येते, आणि जाताना घोटाभर असलेला ओढा परतताना कमरेएवढा झालेला असतो. तेथे पर्यटक पलीकडे अडकल्याचे आणि वाहून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत. पाणी अचानक गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला, तर ओढा ओलांडायचा नाही, अलीकडेच थांबायचे. असे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर बहुधा ओसरतातही.

आपल्या तारखांना पुरापेक्षा धास्ती धरावी ती विजेची. जुलै-ऑगस्टचा पाऊस दिवसभर रिपरिपत राहतो, पण त्यात गडगडाट कमी असतो. मॉन्सून स्थिरावण्यापूर्वीचा पाऊस याच्या उलट असतो. सकाळ स्वच्छ आणि उकाड्याची जाते, तापलेल्या जमिनीवर दुपारी ढग उभे राहतात आणि तीन-चारच्या सुमारास तासभर सगळे दणाणून सोडतात. म्हणून कोणत्या दिवशी कोणता डोंगर, यापेक्षा डोंगरावर किती वाजेपर्यंत राहायचे हे आधी ठरवा. पहाटे साडेपाचला घर सोडावे, सहा-साडेसहाला चढायला लागावे आणि बारापर्यंत पायथ्याला यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडत असल्याचा इशारा देते. ते भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवा. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो, असेच समजावे. माथा, एकटे झाड आणि लोखंडी कठडे सोडून खाली सरकावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचा माथा उघडा आहे आणि वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, हे तो दिवस निवडताना लक्षात असू द्या.

ब्रह्मगिरी आणि अंजनेरी मात्र अवश्य ठेवा. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा मोह होईल, कारण दोन्हींना त्र्यंबक रस्त्यानेच जायचे असते, तो टाळा. ब्रह्मगिरीला बहुतेक वाट पायऱ्यांची असल्यामुळे चुकण्याचा प्रश्न येत नाही, मात्र माकडे हातातली पिशवी हिसकावतात. खाली उतरल्यावर दुपार त्र्यंबकेश्वराच्या देवळात आणि कुशावर्तावर सहज जाते. आपल्या मैत्रिणीला जो ढग हवा आहे तो मिळण्याची शक्यता मला अंजनेरीच्या पठारावर अधिक वाटते. गावातून वर जाताना आधी जैन लेणी लागतात, मग पठारावर अंजनीमातेचे देऊळ आणि तळे. त्यापुढचा दुसरा चढ गुडघ्याला विचारून करावा.

सिन्नरचा पाहुणा

डोंगरांबद्दल वर लिहिलेच आहे. मला दिशेविषयी सांगायचे आहे. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने उतरत जातो. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७०० आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. त्र्यंबकच्या बाजूला आभाळ फाटले आहे असे सकाळी दिसले, तर घरी बसण्याऐवजी गाडीचे तोंड पूर्वेला वळवावे. सिन्नर तीस किलोमीटरवर आहे आणि तेथील गोंदेश्वर हे यादवकाळातील भूमिज शैलीचे (शिखरावर लहान लहान शिखरांच्या रांगा असलेले) मंदिर एकट्यानेच अर्धा दिवस मागते. मध्ये शिवाचे मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची लहान देवळे, असे हे पंचायतन आहे. पावसाने भिजल्यावर त्याच्या दगडाला जो गडद रंग चढतो तो कोरड्या दिवशी पाहायला मिळत नाही. चालायचेच असेल तर मनमाडजवळचे अंकाई-टंकाई आहेत. तेथेही लेणी असल्यामुळे सर आलीच तर आडोसा मिळतो.

शहरात अडकलात तर पांडवलेणी विसरू नका. आपण नाशिककर ती रस्त्यावरून पाहतो आणि पुढे जातो. चोवीस लेणी आहेत, चढ वीस मिनिटांचा आहे आणि वर पोहोचल्यावर डोक्यावर अख्खा डोंगर असतो. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तरी मैत्रिणीला दाखवाच. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने मुलाच्या पश्चात त्याचे पराक्रम दगडात नोंदवून ठेवले आहेत, आणि सातवाहनांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग त्या ओळींवर उभा आहे.

जुनी वहाण

हरिहरविषयी मी स्पष्ट लिहितो, कारण वरच्या दोघांनी तो विषय टाळलेला दिसतो. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या चढताना भीती वाटत नाही. वाटते ती उतरताना, जेव्हा शिडीसारखे कातळाकडे तोंड करून, खोबणीत हात घालून एकेक पाय खाली टाकावा लागतो. कुरकुरणाऱ्या गुडघ्याने आणि ओल्या कातळावर हे करू नये. कोरड्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, भल्या सकाळी जमेल असे कोणी म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण वर असताना सर आली तर उतरायला दुसरी सोपी वाट नाही. त्याऐवजी पेठ रस्त्याजवळचा रामशेज करा. तो चढायला सोपा, घरापासून जवळ आणि त्र्यंबकच्या मानाने कमी पावसात आहे. १६८२ पासून पुढे कित्येक वर्षे मोगलांना दाद न देणारा किल्ला इतका बुटका कसा, हे कोडे मैत्रिणीला घालता येईल.

बुटांबद्दल थोडेसे. बुटाचा तळ झिजलेला असेल तर कितीही भारी असला तरी घरी ठेवा. जीन्स भिजली की वाळत नाही आणि पावले जड होतात.

भंडारदऱ्याची वाट

कळसूबाई ठेवायचीच असेल तर तिला काजव्यांची जोड द्या. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे चमकतात, आणि जोराचा पाऊस सुरू झाला की ते ओसरतात. शनिवार-रविवारी तेथे गाड्यांचीच रांग चमकते, त्यामुळे मधला वार निवडा, शेंडी गावात मुक्काम करा आणि पहाटे बारी गावातून चढायला लागा. झाडाजवळ गाडीचे दिवे व विजेरी बंद ठेवा. उजेडात काजव्यांना जोडीदाराची खूण दिसत नाही.

गोदाकाठची

सर्वांची ऋणी आहे. काल मैत्रीण परत गेली. हरिहर आणि दुगारवाडी वगळले, रामशेज आणि सिन्नर घेतले. कळसूबाईच्या पहाटेच बारीत गडगडू लागल्यामुळे आम्ही पायथ्यावरूनच हात जोडले, परंतु आदल्या रात्री काजवे मनसोक्त पाहिले होते.

डोंगरवाट यांनी सांगितलेली वेळ पहिल्या दिवशी आम्ही पाळली नाही, हेही कबूल करते. चहा-पोहे करण्यात साडेआठ वाजले, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पोहोचायला साडेअकरा, आणि अर्ध्या पायऱ्या उतरलो असताना आभाळ असे कडाडले की मैत्रिणीने लोखंडी कठडा विस्तवासारखा सोडला आणि उरलेल्या पायऱ्या ती बसून उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिनेच मला उठवले. अंजनेरीच्या तळ्यापाशी साडेआठच्या सुमारास ढग खाली आला आणि दहा-बारा मिनिटे आम्हाला एकमेकींशिवाय काही दिसले नाही. तिने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला, आणि शेवटी पर्समध्येच ठेवून दिला.