शिबिराचं नाटक : २२ मुलं, १५ दिवस आणि मागे न पोचणारा आवाज

प्रश्न
दादरला मे महिन्यातलं बालनाट्य शिबिर आहे. ७ ते १२ वर्षांची २२ मुलं, रोज दोन तास, १५ दिवस, शेवटी नाट्यगृहात प्रयोग. संहिता ४० मिनिटांची. सहावा दिवस झाला. आवाज मागे पोचत नाही, आणि एक बोलत असताना बाकीच्यांचे ओठ हलतात. काय करावं?

विंगेतला
आधी संहिता २५ मिनिटांवर आणा. एकूण तास ३०, त्यातले शेवटचे ६ रंगीत तालमींना लागतीलच.

ओठ हलतात, कारण मुलांनी अख्खं नाटक कवितेसारखं पाठ केलंय. संहितेच्या झेरॉक्स परत घ्या. प्रत्येकाला फक्त स्वतःची वाक्यं आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द लिहून द्या. गोलात बसवून चेंडू द्या : वाक्य संपताना पुढच्याकडे टाकायचा, चेंडू नाही त्याने बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं. ऐकणाऱ्यालाही काम हवं. राजा बोलत असताना प्रधानाला काय लपवायचंय, हे त्या मुलालाच ठरवू द्या. ओठ आपोआप थांबतात.

स्वरयंत्र
"मोठ्याने बोल" हे आजपासून बंद करा, कळकळीने सांगते. मूल घसा ताणतं, पट्टी चढते, श्वास वाक्याच्या मध्यावरच संपतो आणि शेवट गिळला जातो. मराठीत नकार शेवटी येतो. "महाराज आज येणार नाहीत" मधलं "नाहीत" गेलं की प्रेक्षकांना उलटंच कळतं.

हॉलच्या टोकाला मुलांकडे पाठ करून बसा. पंखे चालूच ठेवा. शेवटचा शब्द स्पष्ट आला तरच हात वर करा. नाही आला तर मुलाने पूर्ण श्वास घेऊन तेच वाक्य सावकाश म्हणायचं. रोज दहा मिनिटं पुरतात. फूटमाईकवर (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेला माईक) भिस्त नको, तो पावलांची धडधड आधी उचलतो.

प्रश्नकर्ता
आभार! नाट्यगृह प्रयोगाआधी जेमतेम तासभर मिळणार आहे. त्यात काय करून घेऊ?

विंगेतला
त्या तासात अख्खं नाटक करू नका. फक्त एंट्र्या, एक्झिट आणि प्रकाश बदलतो त्या जागा. रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगांच्या जागा आजच मोजून आणा, तालमीच्या फरशीवर रंगीत टेपने आखा. नाहीतर मोठ्या रंगमंचावर सगळी मुलं मधोमध गोळा होतात.

दोन्ही बाजूंच्या विंगांत एकेक मोठं माणूस, सतरंजीवर एंट्रीच्या क्रमाने बसलेली मुलं, टॉर्चला लाल जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद). पूर्ण ब्लॅकआउट टाळा, लहानगी जागीच थिजतात. मंद निळा प्रकाश ठेवा.

स्वरयंत्र
कपडे तीन दिवस आधीपासून घालूनच तालीम घ्या, लांब घोळ पायात येतो. दाढीमिशा चिकटवू नका, या घामात सुटतात, पेन्सिलने रेखा. पाण्याच्या बाटल्यांवर नावं हवीत. वडापाव प्रयोगानंतरच.