सिग्नलला इंजिन बंद करावं की चालू ठेवावं?
(गाडीवाल्यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दुसरा गिअर
पुण्या-मुंबईत बऱ्याच सिग्नलवर आता उरलेल्या सेकंदांचे आकडे उलटे मोजत दिसतात. आकडा तीसच्या वर असेल तर पेट्रोल गाडी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत. १.२ लिटरचं इंजिन एसीशिवाय नुसतं उभं राहून तासाला साधारण ०.७ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला १२ मिलि. एसी लावला की तासाला लिटरच्या आसपास. इंजेक्शनच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत गरम इंजिन पुन्हा सुरू करायला दहा सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यापेक्षा) जास्त पेट्रोल लागत नाही. ‘स्टार्टला जास्त पितं’ हे इंजेक्शन येण्याआधीच्या कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातलं. रोज नव्वद सेकंदांचे दहा सिग्नल, वर्षाचे ३०० दिवस धरा : ५२ लिटर वाचतात.

कार्बन ब्रश
नव्वदचा सिग्नल तुम्हाला दरवेळी नव्वदलाच गाठतो का? कधी ऐंशी उरलेले असतात, कधी आठ. शिवाय सुटायच्या पाच सेकंद आधी सुरू करावीच लागते, नाहीतर मागून हॉर्नची सनई. ५२ चे फार तर २५ लिटर धरा. त्या बदल्यात दोन-तीन हजार जादा स्टार्ट. साध्या गाडीचा स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) यासाठी बनवलेलाच नसतो. त्याचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजतात, बुश (शाफ्टचे आधार) ढिले पडतात, सोलेनॉइडचे (त्याच्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळतात, आणि बेंडिक्स (स्टार्टरचं पुढे सरकणारं दातेरी चाक) नीट बसेनासं झालं की इंजिनच्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात जातात. मग गिअरबॉक्स उतरवा. कंपनीचंच स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असेल तर बॅटरी ईएफबी किंवा एजीएम (वारंवार स्टार्ट सोसणारी) देतात आणि स्टार्टरही दणकट. उगाच देत नाहीत.

दुसरा गिअर
२५ लिटर तर २५. शंभरचा भाव धरला तरी वर्षाला अडीच हजार झाले. कार्बन आणि बुश काही दरवर्षी बदलावे लागत नाहीत. राहिला प्रश्न इंजिनच्या झिजेचा, तर ती होते रात्रभर उभ्या गाडीच्या थंड स्टार्टला. दोन मिनिटांत बेअरिंगवरचा ऑइलचा थर कुठे जात नाही.

तेलकट हात
दोघेही स्टार्टरवरच अडून बसलात. जरा अँपिअर मोजा. गरम इंजिन फिरवायला स्टार्टर १५० अँपिअर घेतो असं धरू, एक सेकंद. म्हणजे ०.०४ अँपिअर-अवर, अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा) ते पंधरा-वीस सेकंदांत भरून देतो. आता इंजिन बंद, पण हेडलाइट, ब्लोअर आणि गाणी चालू : २० अँपिअर, दोन मिनिटं. झाले ०.६७. स्टार्टच्या सोळापट! ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर अशा दहा खेपा, मध्ये गाडी जेमतेम सरकतेय, तर पाचवा हिस्सा संपला. बॅटरी मरते ती अशी, आणि नाव स्टार्टचं. बंद करायची तर ब्लोअरही बंद करा, रात्री फक्त पार्किंग लाइट ठेवा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि किल्ली फिरवताना आवाज जड येत असेल, तर चाचणी होईपर्यंत हा उद्योग नको.

सावकाश
टर्बो डिझेलवाल्यांनी वरचं सगळं जपून वाचावं. खंडाळ्याचा चढ चढून चहाला थांबलात आणि लगेच किल्ली काढली, तर टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची) बेअरिंग तापलेली असते आणि ऑइलचा पुरवठा थांबतो. आतलं ऑइल जळून कोळसा धरतं, पुढे शाफ्ट ढिला होतो आणि निळा धूर सुरू. अशा वेळी मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करा. गावातल्या सिग्नलला टर्बो एवढा तापत नाही, तिथे हरकत नाही.

कार्बन ब्रश
म्हणजे डिझेल चालूच ठेवायची. तेच तर म्हणतोय.

सावकाश
नाही हो, तसंही नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. आयडलवर धूर थंड, त्यामुळे काजळी जळत नाही, साठते. अर्धा-अर्धा तास एसी लावून डुलकी काढणाऱ्यांच्याच डॅशवर डीपीएफचा दिवा लागतो. मात्र रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं) चालू असेल (आयडल आरपीएम वाढलेला, पंखा जोरात, मायलेजचा आकडा घसरलेला) तर मध्येच तोडू नका. पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. तेव्हा ऑइल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा गिअर
एक गोष्ट मात्र वादापलीकडची : उतारावर बंद नाही म्हणजे नाही. खंबाटकी उतरताना न्यूट्रल मारून किल्ली फिरवणारे महाभाग अजून आहेत. ब्रेक दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरमधला (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपतो आणि ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग जड होतं, किल्ली काढली तर लॉकसुद्धा. आणि वाचतं काय? गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतातच.

तेलकट हात
सीएनजीवाल्यांसाठी : बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. तुमची तशी असेल तर वीस-तीस सेकंदांसाठी बंद करण्यात राम नाही. रेल्वे फाटकाला अर्थात बंद.

कार्बन ब्रश
फाटकाला मीही बंदच करतो. पण मे महिन्यात दुपारी, मागच्या सीटवर म्हातारी माणसं असताना, मिनिटाच्या सोळा-सतरा मिलिसाठी एसीचा कॉम्प्रेसर थांबवणार नाही.

तेलकट हात
नका थांबवू. फक्त पानटपरीपुढे गाडी तशीच धडधडत ठेवून उतरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की चालकाच्या सीटवर परवानाधारक नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.