शब्दचर्चा: ‘अजामीनपात्र वॉरंट’ म्हणजे जामीन मिळणारच नाही का?

प्रश्न: माझ्या मामेभावाला 2018 मध्ये घोडबंदर रोडवरच्या नाकाबंदीत दारू पिऊन बाइक चालवताना पकडलं होतं. पुढे घर बदललं, कोर्टाची तारीख राहून गेली. आता कळव्याच्या जुन्या पत्त्यावर पोलीस येऊन गेले. कागदावर ‘अजामीनपात्र वॉरंट’ लिहिलंय. मामीने जेवण सोडलंय, तिला वाटतं आता थेट तुरुंग. या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो ‘फरार’ झाला का?

प्रतिसाद: मामींना आधी जेवायला बसवा. ‘अजामीनपात्र’ हे विशेषण इथे वॉरंटचं आहे, गुन्ह्याचं नाही. जामीनपात्र वॉरंट असेल, तर त्यात लिहिलेल्या रकमेचा जामीन घेऊन पोलीसच माणसाला सोडू शकतात. अजामीनपात्र असेल, तर त्यांना ती मुभा नसते, कोर्टापुढे उभं करावं लागतं. जामीन देण्याचा कोर्टाचा अधिकार मात्र शाबूत असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चा, म्हणजे दारू पिऊन वाहन चालवण्याचा गुन्हा स्वतः जामीनपात्रच आहे. वर्तमानपत्रं दोन्हीकडे एकच शब्द छापतात आणि घरोघरी अशी धास्ती बसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘फरार’ही इतक्यात नाही. कोर्टात नावाचा पुकारा झाला आणि माणूस नसला, की रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘आरोपी गैरहजर’ असं लिहिलं जातं. फरार घोषित करायला त्यापुढे वेगळा जाहीरनामा काढावा लागतो आणि हजर व्हायला किमान 30 दिवस द्यावे लागतात. बोलताना आपण सरसकट ‘फरार आहे’ म्हणतो, ते चूक.

प्रश्नकर्ता: इतकी वर्षं झाली, वॉरंट बाद नाही का होत? आणि ई-चलानासारखे पैसे भरून मिटवता येईल?

प्रतिसाद: दोन्हीला नाही. वॉरंट ‘बजावलं’ जातं किंवा कोर्ट ते ‘रद्द’ करतं. तोवर ते जिवंत असतं. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम 70 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत 72 मध्ये आहे. कलम 185 तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही, म्हणून ‘मिटवणे’ हा शब्दच इथे लागू नाही. ‘गुन्हा कबूल करणे’ किंवा ‘खटला लढवणे’, हे दोनच मार्ग. कबुली दिली की दोष सिद्ध झाल्याची नोंद राहते, तेव्हा घाईत ‘कबूल’ म्हणू नये.

एक दिलासा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10,000 रुपयांपर्यंत गेला तो 1 सप्टेंबर 2019 पासून. 2018 च्या गुन्ह्याला तेव्हाचीच मर्यादा: 2,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दुसरा प्रतिसाद: कोर्ट नाक्यावर रोज कानावर पडणारे दोन शब्द जोडतो. ‘जातमुचलका’ म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला बंधपत्राचा, म्हणजे हमीचा कागद. ‘जामीनदार’ म्हणजे त्याच्यासाठी हमी देणारा दुसरा माणूस. वॉरंट रद्द करताना कोर्ट यांपैकी काहीही मागू शकतं, म्हणून एखाद्या नातेवाइकाला सोबत न्या. पोलिसांनी आणण्याआधी स्वतः वकिलासह हजर होऊन ‘वॉरंट रद्द करण्याचा अर्ज’ द्या आणि पत्ता बदलल्याचा पुरावा जोडा. रद्द झाल्यावर आदेशाची प्रत घ्या आणि ती पोलीस ठाण्यातही पोचवा. तिथल्या नोंदीत वॉरंट तसंच राहिलं, तर पोलीस पुन्हा दारात येतात.