दाताच्या डॉक्टरकडची आपली माहिती कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असते?

घाटावरची:
डेंटिस्टकडे गेलं की आधी फॉर्म हातात. नाव, पत्ता, मोबाईल, शुगर, बीपी, चालू गोळ्या, तंबाखू-मावा खाता का, प्रेग्नंट आहात का. हे विचारायलाच पाहिजे, तक्रार त्याची नाही. तक्रार पुढची. आमच्या भागातल्या एका क्लिनिकात (नाव घेत नाही) काउंटरवरची मुलगी त्या भरलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढून डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करते, एक्सरेचंही तेच, आणि मग महिन्याभराने दात आधी वाकडे नंतर सरळ असे दोन फोटो क्लिनिकच्या स्टेटसला, डोळे झाकलेत म्हणे पण ओठाखालचा तीळ दिसतोय, गल्लीतलं कुणीही ओळखेल. हे बंद व्हायला हवं असं माझं मत आहे.

दंतू:
मी स्वतः डेंटिस्ट आहे म्हणून बोलतो. ताई, स्टेटसचं तुमचं बरोबर. पण व्हॉट्सअ‍ॅपशिवाय आमचं पान हलत नाही. कॅपचा शेड जुळवायला लॅबला दातांचा फोटो पाठवावा लागतो, अवघड अक्कलदाढ असेल तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) सर्जनला दाखवावा लागतो. आणि लोक हिस्टरी लपवतात हो! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे दात काढून झाल्यावर, कापसाचे बोळे बदलताना कळतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शनं घेणाऱ्या आजीचा दात न विचारता काढला तर जबडा भरून यायचे वांधे होऊ शकतात. तुम्ही लोकांना घाबरवलंत तर ते अजून लपवतील.

मुलुंडकर:
उलट आहे डॉक्टर. बाहेर फुटणार नाही याची खात्री असेल तरच माणूस खरं सांगतो ना. वेटिंगमध्ये दहा जण बसलेत आणि काउंटरवरून मोठ्याने "काका, शुगर किती असते, दारू घेता का?" कोण खरं बोलेल? आणि लॅबला नुसता दात आणि केस नंबर पाठवा की, नाव-फोननंबर कशाला?

बिनधास्त_पेशंट:
एवढं काय आहे त्यात? माझी दाढ किडलीये हे कळून कोण काय करणार. आधार, पॅन सगळीकडे देऊन बसलोय आपण आणि इथे रूट कॅनलवरून रडारड.

घाटावरची:
@बिनधास्त_पेशंट दाढेचं जाऊ दे, त्याच फॉर्ममध्ये एचआयव्ही आणि कावीळ बीचा रकाना असतो. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय फोडायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. लग्न ठरायच्या वयातल्या पोरीबद्दल असलं काही नातेवाइकांत फिरलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

वकिली_किडा:
२०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा दवाखान्यांनाही लागू होणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत. सुरक्षा नीट ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. फक्त गंमत बघा, निव्वळ कागदावरची वही त्यात येत नाही, तिचा मोबाईलवर फोटो काढला की येते.

दंतू:
२५० कोटी! माझ्या एका खुर्चीच्या क्लिनिकला? मोठ्या चेनवाल्यांना आयटी डिपार्टमेंट असतं, माझ्याकडे एक असिस्टंट आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर. असले कायदे छोट्यांनाच मारतात.

वकिली_किडा:
ती कमाल मर्यादा आहे हो, रक्कम ठरवताना चूक किती गंभीर होती ते बघतात. झोप उडवून घेऊ नका.

मुलुंडकर:
आयटी डिपार्टमेंट कुणी मागितलं? क्लिनिकचा वेगळा फोन ठेवा, त्याला लॉक लावा, आणि स्टेटसच्या फोटोसाठी वेगळी सही घ्या, ट्रीटमेंटच्या फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरात घुसवू नका. सात-आठ हजारांचा फोन आहे, एका कॅपच्या पैशात येईल.

दंतू:
फोन घेतो, चला. फोटोच्या सहीचंही पटलं. पण लॅबवाल्याला नाव देणारच, नुसत्या नंबरवर एकाची कॅप दुसऱ्याला आलेली आहे, तेव्हा शिव्या मीच खाल्ल्यात.

घाटावरची:
नाव द्या, फोननंबर नको. आणि जी असिस्टंट नोकरी सोडून जाईल तिच्या मोबाईलमधल्या जुन्या फोटोंचं काय करता ते पण सांगा.