मदत हवी आहे: कौलारू घरात पावसाळ्यात व्हॉइस रेकॉर्डिंग

मी ऑडिओबुक वाचते, दीड वर्षापासून कुडाळजवळ एका गावात भाड्याने राहते. चिऱ्याच्या भिंती, कौलं, लाकडी माळा. उन्हाळ्यात पहाटे 3 ते 6 मस्त काम झालं पण जूनपासून पूर्ण वाट लागलीय. कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, बेडूक, आणि पाऊस थांबला की रातकिडे. क्लायंटला नॉइज फ्लोअर (मी गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये उरणारा आवाज) -60 डीबीच्या खाली हवाय, माझा -45 च्या वर जात नाही म्हणजे खाली जात नाही 😅

करून झालेलं: माजघरात गोधड्यांचा तंबू, डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील प्रकारचा), दारांच्या फटींत कापड. गोधड्यांनी खोलीतला घुमारा गेला, पाऊस जसाच्या तसा. सॉफ्टवेअरने किर्र काढली तर ती नेमकी 'स' 'श' जवळच असते त्यामुळे आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. कंडेन्सर माइक (जास्त संवेदनशील प्रकारचा) दमटपणाने चरचरायला लागला म्हणून सिलिका जेलच्या डब्यात ठेवलाय. शेजारच्या काकी म्हणतात माळ्यावर पेंढा पसर, पण उंदीर आणि आगीची भीती वाटते.

घराला खिळाही मारायचा नाही ही मालकांची अट, बजेट 15 हजार, आणि 'शहरात स्टुडिओ घे' सांगू नका प्लीज, रोज जाणं-येणं परवडत नाही.

तर माजघरात प्लायची सुटी, आत उभं राहता येईल अशी पेटी केली तर पावसाचा आवाज खरंच अडेल का? आणि आत रॉकवूल (दगडी तंतूंचं, आवाज शोषणारं भरण) भरलं तर कोकणातल्या दमटपणात ते टिकतं का, कोणी वापरलंय?