प्रतिसाद: सीओपीडी आणि गुडघेदुखी एकत्र असताना

तुमच्या आईंना सीओपीडी (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि केमिस्टकडची गुडघ्याची गोळी चालेल का, असं विचारलंय. आधी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. अशा बऱ्याच गोळ्यांत डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक या वेदनाशामकांबरोबर पॅरासिटामॉल असतंच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे वर ती घेतली की तेच दुप्पट पोटात जातं. दम्याचा अंश असेल तर डायक्लोफिनॅकने धाप उसळू शकते. डॉक्टरांना विचारून नुसतं पॅरासिटामॉल बरं, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. ट्रामाडॉल (कडक वेदनाशामक) आणि झोपेची गोळी एकत्र मुळीच नको हो, श्वास मंदावतो. सकाळी डोकं जड आणि गुंगी असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.

दुसरं म्हणजे श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर). बोटं आखडली की तो नीट दाबलाच जात नाही, औषध जिभेवर राहतं आणि वाटतं, औषध लागू पडत नाही. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, दोन्ही हातांनी दाबू द्या, एका वेळी एकच पफ. आठवड्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. मुंबईच्या पावसाळ्यात तो रात्रभर पंख्याखाली ठेवावा लागतो.