मदत हवी आहे: कमी चरबीच्या खिम्याचे कबाब कोरडे पडतात

घरात कोलेस्टेरॉलचं पथ्य आहे, म्हणून खिमा फक्त बोकडाच्या मांडीचा. तयार खिम्यात बऱ्याचदा सीन्याची (छातीकडची) चरबी मिसळलेली असते आणि ती दिसतही नाही. त्यामुळे आधी अर्धा किलो मांडीचे तुकडे घ्यायचे, वरची पांढरी चरबी आणि पातळ पापुद्रा सोलून घ्यायचा, मगच मशीनमध्ये टाकायला सांगायचं. मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा अडकलेला असतो, तो पहिला मूठभर बाजूला काढायला लावायचा. एवढं जमतं.

अडतंय पुढे. खिम्यात ७ ग्रॅम मीठ घालून तो पाच मिनिटं मळला की बोटांना चिकट तार लागते, त्यामुळे कबाब तुटत नाहीत. कांदाही किसून घट्ट पिळलेला असतो, नाहीतर पाणी सुटून कबाब तव्यावरच फुटतात. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, एक चमचा तेलावर, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं भाजले जातात. तरी आतून भुसभुशीत आणि कोरडे लागतात. चरबीच नाही, तर ओलावा धरणार कोण?

डाळ्याचं पीठ घालावं की शामी कबाबात घालतात तशी शिजवलेली हरभरा डाळ? अर्ध्या किलोला नेमकी किती? डाळ जास्त झाली की मटणाची चवच जाते. चक्का कुणी घालून पाहिलाय का? कच्ची पपई नको, तिने खिमा अगदी लगदा होतो.

अंडं, ब्रेड आणि वरून तूप सोडून उपाय सांगा. प्रमाणासकट सांगितलंत तर फार मदत होईल.